पहिले हजार किलोमीटर : नव्या मोटारसायकलीचे वंगण

दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना दुचाकींच्या दुकानांसमोर जी गर्दी होते, तिच्यातील बहुतेक चेहरे मध्यमवर्गीय घरांतले असतात. कोणाची ती पहिलीच गाडी असते, तर कोणी वडिलांची वीस वर्षे वापरलेली गाडी देऊन नवी घेतलेली असते. हँडलला झेंडूचा हार चढतो, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि पेढ्यांचा एक पुडा हमखास बँकेच्या कर्ज विभागातही येऊन पोहोचतो. एका दुचाकीने किती घरांचे दिवस बदलतात, हे तो पुडा स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

गाडी घरी पोहोचण्याआधीच सल्ल्यांना सुरुवात होते. शेजारी सांगतो, कंपनीतून आलेले ऑईल पन्नास किलोमीटरवरच काढून टाका. मेहुणा म्हणतो, सिंथेटिक टाका, एकदाच काय तो खर्च. कोपऱ्यावरचा मिस्त्री बजावतो, आपल्याकडच्या उन्हाला दाट ऑईलच हवे. चौथा कोणी सगळे ऑईल सारखेच असते असे सांगून मोकळा होतो. सल्ला देणारा प्रत्येक जण मनापासून बोलत असतो आणि प्रत्येकाचे म्हणणे दुसऱ्याच्या विरुद्ध असते. गोंधळलेला नवा मालक मग प्रेमापोटी एकच निकष लावतो : दुकानात जे सर्वांत महाग, ते आपल्या गाडीला.

या निवडीत केवळ चार-पाचशे रुपयांचा प्रश्न नसतो. दुचाकीचे कर्ज साधारणतः दोन-तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांत फिटते आणि तोवर नोंदणी पुस्तकावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद असते. इंजिनाला सुरुवातीच्या दिवसांत झालेली इजा मात्र त्या दिवसांत दिसत नाही. ती दीड-दोन वर्षांनी सायलेन्सरमधून येणाऱ्या निळसर धुराच्या रूपाने प्रकट होते. गाडी ऑईल प्यायला लागते, पिकअप मंदावतो, आणि मिस्त्री इंजिन उघडून सिलिंडर, पिस्टन व रिंगा बदलण्याचा खर्च सांगतो. गाडी गॅरेजमध्ये उभी आणि हप्ता मात्र चालू, अशी ती अवस्था होय. फेरीवर दूध घालणाऱ्याच्या किंवा वीस किलोमीटरवरच्या शाळेत रोज शिकवायला जाणाऱ्याच्या दृष्टीने हा अख्ख्या महिन्याच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

नव्या गाडीसाठी योग्य ऑईल कोणते, याचे उत्तर बहुधा सीटखालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडून असते. त्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दोन-तीन ओळींत जे लिहिलेले असते, ते बहुतेक सल्ल्यांपेक्षा स्वस्तही असते आणि बरोबरही. ते तसे का, हे समजण्यासाठी मात्र इंजिनाच्या आत थोडे डोकावणे आवश्यक आहे.

इंजिनाच्या आत काय घडते?

ज्या घरांत पूर्वी जाते होते, तेथील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. जात्याला नव्याने टाकी लावली की पहिले दळण खायला घेत नसत. ताज्या टाकीचे दगडी कण त्या पिठात उतरत. थोडे भरड धान्य दळून टाकल्यावर जात्याच्या दोन्ही तळ्या एकमेकींना सरावत आणि मगच खरे दळण सुरू होई. नव्या इंजिनाची गोष्ट याहून फार निराळी नाही.

सिलिंडरची आतली भिंत हाताला गुळगुळीत लागत असली, तरी ती आरशासारखी नसते. कारखान्यात होनिंग नावाच्या प्रक्रियेने तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम कोरलेली असते. या रेघांच्या खाचांत वंगण तेल टिकून राहते. दोन खाचांमधील उंचवटे मात्र नव्या गाडीत किंचित खडबडीत असतात, आणि पिस्टनवरच्या रिंगांची कडाही तशीच नवी असते. इंजिन चालू लागले की जळालेल्या वायूचा दाब रिंगांच्या मागे शिरून त्यांना भिंतीवर दाबतो, उंचवट्यांची टोके झिजतात आणि रिंग व भिंत यांचा मेळ बसतो. हा मेळ नीट बसला तर वरचा वायू खाली गळत नाही आणि खालचे ऑईल वर जाऊन जळत नाही. पुढील अनेक वर्षांचे ॲव्हरेज, ओढ आणि ऑईलची बचत या एका गोष्टीवर बऱ्याच प्रमाणात अवलंबून असते.

म्हणजे या काळात थोडी झीज हवीच असते. फक्त ती हवी तेथे, हवी तेवढी आणि हळूहळू व्हावी लागते. झिजलेल्या धातूची पूड जाते कोठे? ती ऑईलमध्ये उतरते. येथे मोटारीच्या आणि मोटारसायकलीच्या इंजिनात एक मोठा फरक आहे. मोटारीचे इंजिन ऑईल फक्त इंजिनापुरते असते. गिअरबॉक्सचे तेल वेगळे. आपल्याकडच्या बहुतेक सर्व चार-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र तेच एक लिटरभर ऑईल इंजिनाला वंगण पुरवते, गिअरच्या दात्यांतून फिरते आणि क्लचच्या प्लेटांनाही भिजवते. नव्या गाडीत रिंगांची पूड, गिअरच्या दात्यांची पूड आणि क्लच प्लेटांचा बारीक भुगा असा तिहेरी गाळ त्या एवढ्याशा तेलात जमा होतो.

हीरो होंडाने १९९४ मध्ये आणलेल्या स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत तर मोटारीसारखा कागदी फिल्टरही नसतो. तारेची एक जाळी आणि गरगर फिरून जड कण कडेला टाकणारा एक गाळक, एवढ्यावरच काम भागते. ही रचना साधी आणि टिकाऊ आहे यात शंका नाही. पण गाळ प्रत्यक्ष बाहेर काढायचा, तर ऑईल बदलणे हाच मार्ग उरतो. पहिली सर्व्हिसिंग साधारणतः पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान ठेवलेली असते, ती यासाठीच. त्या दिवशी खाली काढलेले ऑईल उन्हात धरून पाहावे. त्यात सोनेरी-रुपेरी चमक तरंगताना दिसते. घाबरण्याचे कारण नाही. तेच आपले पहिले दळण.

मग पन्नास किलोमीटरवरच ऑईल काढण्याचा शेजाऱ्याचा सल्ला अधिक चांगला नाही का? तो घातक नाही, परंतु अनावश्यक आहे. पन्नास किलोमीटरमध्ये रिंगा बसण्याचे काम जेमतेम सुरू झालेले असते. होंडासारख्या उत्पादकांच्या मोटारींच्या पुस्तिकांत तर कारखान्यातून भरून आलेले तेल ठरलेल्या वेळेआधी काढू नये, असे स्पष्टच सांगितलेले असते. उलट पाचशेची सर्व्हिसिंग आळसाने दीड हजारांवर नेणे ही चूक फार अधिक आढळते आणि ती महागात पडते.

डब्यावरची अक्षरे आणि आकडे

ऑईलच्या डब्याच्या दर्शनी भागावर सुसाट धावणाऱ्या गाडीचे चित्र असते. कामाचा मजकूर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. तेथे तीन गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली गोष्ट दाटपणाची. १० डब्ल्यू-३०, १५ डब्ल्यू-५०, २० डब्ल्यू-४० अशा आकड्यांच्या मागे एस.ए.ई. ही अक्षरे असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे ते आद्याक्षर होय. या संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेली वर्गवारी सुधारत सुधारत आजही जगभर वापरली जाते. डब्ल्यू म्हणजे वजन असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज हलते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सियसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, ते किती दाट उरते ते सांगतो. १० डब्ल्यू वर्गाची थंडीतील चाचणी उणे २५ अंशाला होते, २० डब्ल्यूची उणे १५ अंशाला. नाशिक-नागपूरच्या थंडीतही असले तापमान कोणी अनुभवत नाही; लेहमध्ये नोकरी करणाऱ्या वाचकांची गोष्ट निराळी. तरीही पहिला आकडा आपल्याकडे निरुपयोगी नाही. सकाळी सेल मारल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत पातळ तेल वरच्या कॅमपर्यंत लवकर पोहोचते, आणि इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा याच क्षणांचा असतो.

उन्हाळा कडक म्हणून दाट ऑईल, हा मिस्त्रीचा युक्तिवाद वरकरणी पटण्यासारखा आहे. विदर्भातील ४५ अंशांचे ऊन कोणाला नाकारता येईल? परंतु इंजिनातील तेल बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापमानावर काम करत असते आणि ते गृहीत धरूनच उत्पादकाने दोन भागांमधली फट ठरवलेली असते. फट लहान असलेल्या इंजिनात अधिक दाट तेल घातले, तर ते अरुंद वाटांत उशिरा शिरते, इंजिनावर उगाच ओढ येते आणि ॲव्हरेज घटते. उलट मोठी फट असलेल्या इंजिनात पातळ तेल घातले, तर तापल्यावर त्याचा थर टिकत नाही. म्हणूनच उत्पादकांचे आकडे एकसारखे नाहीत. स्प्लेंडरसाठी १० डब्ल्यू-३०, बजाजच्या पल्सर १५० साठी २० डब्ल्यू-५० आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या क्लासिकसाठी १५ डब्ल्यू-५० असे दर्जे सांगितलेले आढळतात. एकाच देशात, एकाच उन्हात चालणाऱ्या या गाड्या आहेत. मॉडेल बदलले की आकडाही बदलू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

दुसरी गोष्ट क्लचची, आणि बहुतेक फसगती येथेच होतात. १९९० च्या दशकात मोटारींचे इंधन वाचावे म्हणून त्यांच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी विशेष द्रव्ये मिसळण्याचे प्रमाण वाढले. मोटारीला ती मानवली. मोटारसायकलीचा क्लच मात्र त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो चालतोच मुळी घर्षणावर. प्लेटा एकमेकींना धरेनात, गिअर पडलेला असूनही क्लच सटकू लागला. यातून जपानी वाहन उद्योगाने १९९८ मध्ये दुचाकींच्या चार-स्ट्रोक ऑईलसाठी जासो नावाचे वेगळे मानक आणले. डब्यावर जासो एम.ए. लिहिलेले असेल, तर ते तेल ओल्या क्लचच्या मोटारसायकलीसाठी आहे. एम.ए.-१ व एम.ए.-२ हे त्याचेच पोटप्रकार. जासो एम.बी. मात्र कमी घर्षणाचे. ते ज्यांचा क्लच तेलाबाहेर कोरडा असतो अशा ऑटोमॅटिक स्कूटरांसाठी योग्य. घरात एक स्कूटर आणि एक मोटारसायकल असली की स्कूटरचा उरलेला डबा मोटारसायकलीत रिता करण्याचा मोह होतो. तो टाळावा. मोटारीसाठी आणलेले उत्तम प्रतीचे, महागडे तेलही मोटारसायकलीला अपायच करू शकते, कारण ते वेगळ्या कामासाठी बनलेले असते.

ग्रामीण भागात आणखी एक प्रकार दिसतो. ट्रॅक्टरसाठी किंवा शेतातील डिझेल पंपासाठी आणलेल्या मोठ्या कॅनमधले लिटरभर ऑईल नव्या मोटारसायकलीत जाते. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची, म्हणजे ए.पी.आय.ची, वर्गवारी ही डब्यावर पाहण्याची तिसरी गोष्ट आहे, ती यासाठीच. एस या अक्षराने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे, सी ने सुरू होणारे डिझेल इंजिनांचे. एस.जे., एस.एल., एस.एम., एस.एन. असे वर्ग काळाच्या ओघात येत गेले. २००१ मध्ये आलेला एस.एल. आजही अनेक मोटारसायकलींच्या पुस्तिकांत आढळतो, तर २०२० मध्ये आलेला एस.पी. हा त्या मालिकेतील बराच अलीकडचा. पुस्तिकेत एस.एल. असेल आणि डब्यावर त्यापुढचा वर्ग असेल, तर सामान्यतः अडचण येत नाही. मात्र दाटपणा आणि जासोचे अक्षर जुळलेच पाहिजे.

जाता जाता एक गंमत. मराठीतला वंगण हा शब्द मोटारीच्या फार आधीचा. बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण घालणारा शेतकरी आणि युरोपातील आरंभीचे मोटार शर्यतपटू एकाच बीच्या तेलावर विसंबून होते. वेकफिल्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने १९०९ च्या सुमारास एरंडेल मिसळलेले इंजिन ऑईल बाजारात आणले, तेव्हा एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच त्याचे कॅस्ट्रॉल असे नामकरण झाले.

महाग ते चांगले?

आता मेहुण्याच्या सिंथेटिककडे वळू. खनिज तेल हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने अधिक एकसारखे केलेले असतात. त्यामुळे ते उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि अधिक काळ टिकते. अर्धसिंथेटिक हे या दोहोंचे मिश्रण. नव्या गाडीत सिंथेटिक घातले तर ते इतके निसरडे असते की रिंगा बसतच नाहीत, असे जुने मिस्त्री ठामपणे सांगतात. या म्हणण्याला पुरावा म्हणावा तसा नाही. अमेरिकेतील कॉर्व्हेट ही मोटार १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून बाहेर पडू लागली आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसल्या. होनिंगचे तंत्र आणि रिंगांची घडण आता इतकी सुधारली आहे, की हा जुना नियम जसाच्या तसा लागू होत नाही.

तरीही पहिल्या टप्प्यात सिंथेटिक घालू नये, हा निष्कर्ष बरोबरच ठरतो. त्याचे कारण अभियांत्रिकीपेक्षा हिशेबात आहे. समजा, पुस्तिकेतील दर्जाचे खनिज तेल ४०० रुपये लिटर आहे आणि सिंथेटिक ९०० रुपये. गाडीने पुढे नियमित वेळापत्रक धरल्यावर खनिज तेल ३००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला सुमारे १३ पैसे पडतात. सिंथेटिक ५००० चालले, तर १८ पैसे. फरक आहे, पण तो झेपण्यासारखा आहे. मात्र नव्या गाडीत टाकलेले तेल धातूच्या पुडीसाठी अवघ्या ६०० किलोमीटरवर काढून टाकायचे असेल, तर खनिज तेलाचे किलोमीटरला ६७ पैसे होतात आणि सिंथेटिकचा दीड रुपया. सिंथेटिकचे मोल त्याच्या दीर्घ टिकाऊपणात आहे. जे तेल टिकण्याआधीच फेकायचे, त्याच्या टिकाऊपणासाठी पैसे मोजण्यात अर्थ काय? ज्या गाडीच्या पुस्तिकेत मुळातच अर्धसिंथेटिक किंवा सिंथेटिक सांगितले आहे, तिला अर्थातच तेच घालावे. येथेही पुस्तिका अंतिम.

दुकानाच्या फळीवर ऑईलच्या शेजारीच छोट्या बाटल्यांत निरनिराळी मिश्रणे मांडलेली असतात. घर्षण निम्म्यावर आणू, इंजिन दुप्पट चालवू, अशी आश्वासने त्यांवर छापलेली असतात. ज्या इंजिनाच्या रिंगांना सध्या थोडे घर्षण हवेच आहे आणि ज्याचा क्लच घर्षणावरच चालतो, त्याला ही बाटली कशासाठी, एवढा प्रश्न विकत घेण्यापूर्वी स्वतःला विचारला तरी पुरे. शर्यतीच्या किंवा जुन्या बनावटीच्या, नव्याने बांधलेल्या इंजिनांसाठी परदेशांत जस्त व फॉस्फरस यांची संयुगे अधिक असलेली खास प्रारंभिक तेलेही मिळतात. शंभर-दीडशे सीसीच्या नव्या गाडीला त्यांची गरज नाही.

चालवण्याची रीत

तेलाची निवड अचूक असूनही गाडी चुकीची चालवली, तर मेळ बिघडतोच. आपल्याकडे नवी गाडी प्रथम कुलदैवताच्या दर्शनाला नेण्याची रीत आहे. पुण्याच्या कुटुंबाचे दैवत जेजुरीचे असेल तर पन्नासेक किलोमीटरची वाट. तुळजापूरचे असेल तर मात्र जाऊन-येऊन जवळपास सहाशे किलोमीटर, म्हणजे पहिल्या सर्व्हिसिंगचे संपूर्ण अंतर एका दौऱ्यातच पुरे होते. तेही सोलापूरच्या सरळ महामार्गावर, एकाच वेगाने, मागे एक-दोन माणसे आणि पिशव्या घेऊन. नव्या रिंगांना याहून वाईट प्रवास क्वचितच असेल. इंजिन तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर चालते, तापते, आणि मेळ त्या एका गतीपुरताच बसतो. देवीला नवस बोललेला असेल तर तो फेडावाच. पण लांबचा प्रवास पहिल्या सर्व्हिसिंगनंतर ठेवणे श्रेयस्कर. जाणे अपरिहार्य असेल तर दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर पंधरा मिनिटे थांबावे, वेग कमी-अधिक ठेवावा आणि मागे एकच माणूस बसवावा.

अतिकाळजी करणारा मालक याच्या उलट टोकाला जातो. तो गाडीला तिशीच्या वर जाऊच देत नाही, रोज सकाळी ती स्टँडवर उभी करून दहा-दहा मिनिटे नुसतीच चालू ठेवतो. दाब मिळाला नाही तर रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत. अर्धवट जळालेले तेल होनिंगच्या खाचांत भरून भिंतीला काचेसारखा लेप चढतो, आणि एकदा तो चढला की इंजिन उघडल्यावाचून उतरत नाही. जगात एक पंथ नवी गाडी पहिल्या दिवसापासून जोरात पिटाळावी असे मानणाराही आहे. त्यांच्या म्हणण्यातील रिंगांना दाब हवा एवढा भाग खरा आहे. शर्यतीचे इंजिन काही तासांनी उघडले जाते, कुटुंबाची गाडी दहा-पंधरा वर्षे चालायची असते, हा भेद मात्र ते विसरतात.

मधला मार्ग सोपा आहे. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून निघावे. गाडी प्रत्येक गिअरमध्ये मोकळी चालू द्यावी. वरच्या गिअरवर कमी वेगात घरघरत ओढू नये आणि पूर्ण थ्रॉटलही देऊ नये. गावातली रोजची ये-जा, सिग्नल, चढ-उतार यांत वेग आपोआप बदलत राहतो, आणि नव्या इंजिनाला नेमके तेच हवे असते. अनेक पुस्तिकांत पहिल्या एक-दोन हजार किलोमीटरसाठी वेगाच्या मर्यादा दिलेल्या असतात. ते कोष्टक महिनाभर डोळ्यांसमोर असावे.

या काळात आठवड्यातून एकदा ऑईलची पातळी पाहावी. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मगच डिपस्टिक किंवा काचेची खिडकी पाहावी. डिपस्टिक फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हेही गाडीगणिक वेगळे असते. रिंगा बसेपर्यंत थोडे ऑईल कमी होणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून लोटाभर अधिक ओतणे मात्र बरे नव्हे, कारण वरच्या खुणेपलीकडचे तेल घुसळून फेसाळते आणि सील व श्वासनळीवाटे बाहेर येऊ लागते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी.एस.-६ गाड्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी. जळालेले ऑईल सायलेन्सरमधील उत्प्रेरकाची हानी करते आणि तो भाग स्वस्त नाही.

सर्व्हिसिंगच्या दिवशी

पहिली फ्री सर्व्हिसिंग ही खऱ्या अर्थाने मोफत नसते, हे अनेक ग्राहकांना बिल हाती आल्यावरच कळते. मजुरी माफ असते. ऑईलचे पैसे द्यावेच लागतात. तेवढ्यासाठी काही जण बाहेरच्या गॅरेजात स्वस्तात ऑईल बदलून घेतात आणि कूपन कप्प्यात तसेच राहते. वॉरंटीच्या अटींत सामान्यतः सर्व मोफत सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत केंद्रात आणि सांगितलेल्या दर्जाच्या ऑईलवर झाल्या पाहिजेत असे कलम असते. दीडशे रुपये वाचवून काही हजारांच्या हक्कावर पाणी सोडण्याचा हा व्यवहार आहे. ज्यांच्या घरी विम्याच्या पावत्या आणि कर्जाची पुस्तके एकाच फाईलीत लावलेली असतात, त्यांनी ऑईलचे बिलही त्याच फाईलीत लावावे. त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि ऑईलचा दर्जा लिहिलेला असावा.

ऑईल आपल्या समोर भरले जावे, असा आग्रह धरण्यात संकोच नसावा. डबा असेल तर त्याचे सील समोर फोडावे. पिंपातून भरत असतील तर दर्जा विचारून बिलावर लिहून घ्यावा. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकण्याचा धंदा देशात सर्वत्र चालतो आणि त्याला कच्चा माल पुरवतात ते आपलेच टाकून दिलेले डबे. म्हणून रिकाम्या डब्याला भोक पाडून किंवा तो चिरून मगच टाकावा.

राहिला प्रश्न खाली काढलेल्या काळ्या ऑईलचा. दारांच्या बिजागऱ्यांना, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते घरी नेण्याची पद्धत गावोगाव आहे. त्यात मिसळलेली धातूची पूड आणि जळालेली द्रव्ये मातीत उतरून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतात. गटारात ओतणे तर त्याहून वाईट. घातक टाकाऊ पदार्थांसंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. अधिकृत सर्व्हिस केंद्रात हे तेल गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवले जाते. घरी ऑईल बदलणाऱ्यांनी ते जुन्या डब्यात भरून तेथे नेऊन द्यावे. डबा चिरण्याचे काम त्यानंतर करता येते.